आधी कन्फर्मवाले

बंगळुरू,
४ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
मेघाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

काल तुम्ही आणि आई दुसऱ्यांदा नागपूरच्या विमानतळावरून घरी परतलात, हे मला शेजारच्या धर्मेंद्रदादाने सांगितलं. तुम्ही सांगितलं नाही. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही. आईशी बोलायला लागले की तुम्ही बाजूला बसून काय म्हणते, काय म्हणते असं विचारत राहता आणि माझं अर्धं बोलणं त्यातच संपतं. म्हणून हे पत्र. कागदावरचं तुम्ही नीट वाचता आणि मध्ये बोलत नाही, हा मोठा फायदा आहे.

बाबा, मी चिडले आहे. विमानाच्या पोटात सामान भरण्यात तुमची सगळी नोकरी सरली, इंजिनांच्या आवाजाने कान गेले, आणि त्या बदल्यात कंपनी दरवर्षी तुम्हाला दोघांचे फुकट पास देते, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण ते पास सबलोचे. सीट रिकामी राहिली तर बसायचं, नाहीतर बॅग उचलून घरी. दिवाळीनंतरच्या आठवड्यात बंगळुरूच्या विमानात सीट रिकामी राहील असं तुम्हाला कोणी सांगितलं? अर्धा विदर्भ इथे नोकरीला आहे आणि तो सगळा याच आठवड्यात चिवड्याचे डबे घेऊन परत येतो आहे.

माझं बीपी वाढलेलं आहे. डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला सक्त मनाई केली, नाहीतर पहिल्या बाळंतपणाला मी माहेरीच आले असते. सासूबाई आज असत्या तर गोष्ट वेगळी होती. रत्नदीप चांगला आहे, पण त्याला कुकर लावता येतो म्हणजे बाळंतिणीचं करता येतं असं नाही. मला आई हवी आहे.

सेवाग्रामवरून इकडे यायला गाडी आहे. गाडी नको असेल तर मी विमानाची तिकिटं काढते. उत्तर लगेच पाठवा आणि त्यात कंपनीचे नियम लिहू नका.

माझ्यावर तुमची माया आहेच, ती जरा घाईने करावी ही विनंती.

तुमची,
मेघा

*

पिपरी मेघे, वर्धा,
९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. मेघा हिस बाबांचे अ. उ. आ. व जय भीम.

तुझं पत्र मिळालं. नियम लिहू नका म्हणतेस, पण नियम कळल्याशिवाय तुझा राग जाणार नाही, म्हणून लिहितो.

विमानात आधी तिकीट काढलेले बसतात, त्यांना आम्ही कन्फर्मवाले म्हणतो. मग ड्यूटीवर निघालेला स्टाफ, मग सुटीवर निघालेला स्टाफ. त्यानंतर आम्ही रिटायर्ड लोक, आणि आमच्यातही ज्याची नोकरी जुनी तो पुढे. कपडे नीट हवेत, पायात चप्पल चालत नाही. सामान हातात मावेल तेवढंच. काउंटरवर गर्दी करायची नाही, पोरींना पुन्हा पुन्हा विचारायचं नाही, आणि आपण फुकट चाललो आहोत हे कोणाला सांगायचं नाही. एका बाजूला बसायचं. सगळे आत गेले की मग आपला विचार होतो. मला एकदा सीटवर बसवून, पट्टा लावल्यावर उतरवलं होतं आणि मी हसत उतरलो. त्याला शिस्त म्हणतात. तुमच्या कंपन्यांत ती नसेल.

तुझ्या आईला मी नवे सँडल घ्यायला लावले. ते चावतात म्हणून ती माझ्याशी धड बोलत नाही. पहिल्या खेपेला अर्धी गल्ली आम्हाला निरोप द्यायला आली होती. दुसऱ्या खेपेला शेजारची एकटी जयवंताबाई आली आणि तिनेही विचारलं की संध्याकाळी जेवायले वापस येता का, म्हणजे तेवढी भाजी जास्त टाकते. मला राग आला. संध्याकाळी आम्ही परत आलो आणि तिचीच भाजी खाल्ली.

तू तिकीट काढू नकोस. गाडीचंही नको. इतकी वर्षं मी लोकांच्या बॅगा त्या विमानांत चढवल्या, आणि तुझी आई आजवर एकदाही त्यात बसलेली नाही. दरवेळी काही ना काही आडवं आलं. तिला न्यायचं तर माझ्या पासवर न्यायचं, माझ्या कमाईवर. लेकीच्या तिकिटावर तिला नेलं तर मी तिथे काय केलं, असं मलाच वाटत राहील. तुला हे हट्टाचं वाटेल. वाटू दे.

मंगळवारी पुन्हा जातो. मंगळवारी गर्दी नसते.

रत्नदीपरावांना जय भीम. तब्येतीला जप आणि बापावर फार रागावू नकोस.

तुझा,
बाबा

*

बंगळुरू,
१४ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. आईस,
मेघाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

मंगळवारीही गर्दी होती, हे कळलं.

आई, मी तिकिटं काढली. एकवीस तारखेचं, दुपारचं विमान, तुम्हा दोघांच्या शेजारी शेजारी सीट, तुला खिडकी. धर्मेंद्रदादाच्या मोबाइलवर पाठवली आहेत, तो कागदावर काढून देईल. आता बाबांना काय सांगायचं ते तू सांग. माझे शब्द संपले. मी पोटातल्या बाळाशीही हल्ली वैतागून बोलते.

डॉक्टरीणबाई आता थांबायला तयार नाहीत. बीपी उतरत नाही, म्हणून बावीसला सकाळी सिझेरियन करायचं ठरलं. मी रत्नदीपसमोर काही दाखवत नाही, पण मला भीती वाटते. मला आत नेतील तेव्हा तू दाराशी असावीस, बाकी मला काही नको. एकवीसचं विमान चुकलं तर तू वेळेवर पोचत नाहीस, हे बाबांना नीट समजावून सांग.

ते तिकिटावर येत नाही म्हणाले तर त्यांना घरी ठेव आणि तू ये. तुला हे जमेल का, मला माहीत नाही. सिंदीला मामाकडे जायचं तरी तुला बाबा सोबत लागतात. पण लिहून ठेवते.

येताना डिंकाचे लाडू आण. आणि सँडल चावत असतील तर चप्पल घाल. तिकीट काढणाऱ्यांना सगळं चालतं.

तुझ्या मायेची खरंच गरज असलेली,
मेघा

*

पिपरी मेघे, वर्धा,
२३ नोव्हेंबर २०२४

सौ. कमला हिस,
प्रेमदासचा जय भीम.

मुलगी झाल्याचं धर्मेंद्रने माझ्या कानाशी ओरडून सांगितलं. त्यामुळे ते माझ्याआधी पूर्ण गल्लीला कळलं. मेघा कशी आहे, बाळ कसं आहे, तिचं बीपी उतरलं का, हे त्याला नीट सांगता आलं नाही. तू लिही.

आता मला जे म्हणायचं आहे ते म्हणतो. मी तुझ्याकडून अशी अपेक्षा केली नव्हती. तुझं आणि तुझ्या लेकीचं ऐकून मी तिकिटावर यायला तयार झालो. बूट घातले, वेळेच्या कितीतरी आधी तुला विमानतळावर आणलं. आपण गेटपासून जरा दूर, खांबाशी बसलो. लोक रांगेत लागले, जायला लागले. सगळं नेहमीसारखं चाललं होतं. मग तू उठलीस. मला वाटलं, हात धुवायला चाललीस. मी लाडवांची बॅग मांडीवर धरून बसलो.

थोड्या वेळाने एक गडी माझ्याजवळ आला आणि काहीतरी बोलला. मी त्याला हाताने सांगितलं की तुम्ही आधी बाकीचे घ्या, आम्हाला घाई नाही. तो हसला, मीही हसलो. सभ्य होता. मग त्यांनी दार लावलं. विमान मागे सरकताना मी काचेतून पाहिलं आणि मनात म्हटलं, आजही भरून चाललं, आजही आपलं नशीब नाही.

मग तुला शोधायला निघालो. बायकांच्या बाथरूमपाशी जी सफाईवाली होती तिला आत पाहायला लावलं. ती दोनदा पाहून आली. शेवटी काउंटरवरच्या पोरीने एका कागदावर लिहून दाखवलं की तुमच्या मिसेस विमानात बसून गेल्या, आणि तुमचं तिकीट कन्फर्म होतं. ते वाचून मी किती वेळ तिथे उभा होतो ते मला माहीत नाही. तिने मला खुर्ची दिली आणि पाणी दिलं. ज्या ठिकाणी मला सगळे ओळखत होते तिथे मला खुर्ची देऊन बसवावं लागलं.

मला हलवून सांगता येत नव्हतं का? एवढीच माझी तक्रार आहे. बसने वर्ध्याला आलो. जयवंताबाईने ताट आणून ठेवलं.

वर्षाचा पास अजून शिल्लक आहे. पुढच्या आठवड्यात सीट रिकाम्या राहतील असं ऐकतो. सबलोवर एकटा प्रयत्न करून पाहतो. लाडू आणीन.

नातीला माझा आशीर्वाद सांग. तुझ्यावर रागावलो आहे, तरी पत्र धाड.

तुझा,
प्रेमदास

*

बंगळुरू,
२८ नोव्हेंबर २०२४

मेघाच्या बाबांस,
कमलाचा सविनय जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र मेघाला वाचून दाखवलं. टाके दुखतात म्हणून ती हसवू नको हसवू नको म्हणत होती, आणि मग रडली.

तुम्ही लिहिता, हलवून सांगायचं होतं. मी दोनदा हलवलं. लाउडस्पीकरवर माझं नाव आलं, मग तुमचं आलं. मी म्हटलं, आपलं नाव पुकारून राह्यले. तुम्ही म्हणाले, बस, पह्यले कन्फर्मवाले जाऊ दे. मी तुमच्या कानाशी वाकून म्हटलं, आपुनच कन्फर्म आहो. तुम्ही माझ्या गुडघ्यावर थाप मारली, जशी लग्नात पंगतीला घाई करणाऱ्या पोरांना मारता तशी, आणि पुन्हा समोर पाहत बसले. तुमच्या कंपनीचं मी कधी उलट बोलले नाही. ते तुम्हाला माहीत, मला नाही. पण माझं नाव मला कळतं. ती पोरगी ते तिसऱ्यांदा घेत होती, आणि इकडे दुसऱ्या दिवशी सकाळी मेघाला आत नेणार होते.

म्हणून मी तुमच्या शर्टाच्या खिशात हात घातला, माझा बोर्डिंग पास काढला आणि गेले. खिशातून कागद काढून कोणी हात धुवायला जातं का, हे तुम्हीच सांगा.

गेटवरच्या पोरीला मी सांगितलं की माझे मालक खांबाशी बसलेत, त्यांना ऐकू येत नाही, त्यांना आणा. तिने माणूस धाडला. तो परत येऊन म्हणे, अंकल नाही म्हणतात, दुसऱ्यांना घ्या म्हणतात. मी मागे वळून पाहिलं. तुम्ही त्याच्याकडे पाहून हसत होते. पोरीने विचारलं की आंटी, जाता की थांबता, दार लावायचं आहे. मी म्हटलं, जाते.

मेघाला सकाळी आत नेलं तेव्हा मी दाराशी होते. तिने माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली. आता तिचं बीपी उतरलं आहे, चारीठाव जेवते. पोरगी गोरटेली आहे, रडते फार, आणि कान तुमच्यासारखे मोठे आहेत. ते चांगले राहोत. नाव अजून ठेवलं नाही. मेघा म्हणते, बाबा आल्याशिवाय नाही.

सबलोचं नाव आता काढू नका. रत्नदीपरावांनी तुमचं सेवाग्रामवरून गाडीचं तिकीट काढलं आहे, धर्मेंद्र तुम्हाला डब्यापर्यंत आणून सोडेल. गाडी आली की पहिले तुम्ही चढा. बायामाणसं, म्हातारे, कोणालाही आधी जा म्हणायचं नाही. तुम्ही स्वतः म्हातारे आहात. लाडू गल्लीत वाटले नसतील तर आणा.

एक सांगायचं राहिलं. मी सीटवर बसले आणि शेजारची तुमची सीट रिकामी. त्यांनी दार लावायच्या आत एक माणूस धापा टाकत आला आणि त्यावर बसला. सदाशिवराव नाव. तुमच्याच कंपनीतून रिटायर झालेला, सबलोवरचा, आठवडाभर रोज येऊन परत जात होता. तो म्हणे, ताई, कोण्या देवमाणसाने ऐन वेळी सीट सोडली, त्याचं भलं होवो. मी त्याला काही सांगितलं नाही. मग त्याने मला पट्टा लावून दिला. पंख कसे हलतात, पोटात गोळा येतो तेव्हा काय करायचं, ढग खाली कसे जातात, सगळं दाखवलं. भला माणूस होता. पण हे सगळं मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, लग्न झालं तेव्हापासून ऐकायचं होतं, आणि मी खिडकीकडे तोंड करून बंगळुरूपर्यंत रडत आले. तुम्ही एक रागावलात, तर मी दहा रागावले आहे.

तुमची वाट पाहते. तुम्ही मात्र कोणाची पाहू नका, ही विनंती.

तुमचीच,
कमला