आईच्या समोरची खुर्ची

रविवार, ८ सप्टेंबर

व्हर्डी मावशी गेली! मेली नाही – फिनिक्सला गेली, मुलाकडे. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला इथला, टोलेडोचा हिवाळा नको झालाय. विमानतळावर आई रडली नाही. बहिणीचा हात घट्ट धरून उभी होती, आणि मावशी तिच्या कानाशी लागून काहीतरी बजावत होती. त्या दोघींचं गूळपीठ जुनंच. मला मात्र एवढंच सुचलं – आईच्या समोरची खुर्ची रिकामी झाली.

मला ती हवी आहे. इथे लिहायला लाज कसली?

रविवारी चर्चहून आलं की आईच्या जेवणघरात पत्त्यांचं टेबल मांडलं जातं. आमच्या आजोबांच्या वेळेपासून. चौघं, समोरासमोर जोड्या, इस्पिक हाच कायमचा हुकूम. एका जोडीत आई आणि मावशी. दुसरीत माझा भाऊ रॉन्डेल आणि त्याची बायको मार्लीस. आणि मी? मी कोंबडी तळते, प्लेटा उचलते. त्रेचाळीस वर्षांची बाई! दिवसभर दवाखान्यात लोकांचे दात साफ करायचे, रविवारी यांची खरकटी काढायची.

कारण एकच. एकोणीस वर्षांची असताना मी बडबडीच्या नादात हातात चौकट असून किलवर टाकलं. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी. माझा तेव्हाचा मित्र पहिल्यांदा घरी आला होता, त्याच्या देखत. आईनं माझे पत्ते हातातून काढून घेतले. "रंग चुकवला त्यानं उठायचं. या घरात दुसरी संधी नाही." वर म्हणाली, "तोंड बंद ठेवलं असतंस तर पत्ते दिसले असते."

तो मित्र पुन्हा आला नाही. गोष्ट मात्र दर सणाला येते, ग्रेव्हीसारखी.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

ट्रूडीच्या सलूनमध्ये. दुकान बंद झालं की ड्रायरच्या खुर्च्या बाजूला सारून आम्ही चौघी खेळतो. जानेवारीपासून शिकतेय, घरी कुणाला पत्ता नाही. ट्रूडी माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिची शिकवण एकच – "तोंड बंद, डोळे उघडे. बडबड करतात ते जिंकल्याचं सोंग करतात. तू जिंक."

आणि मी गप्प राहायला शिकले! मी! आज तीन डाव जिंकले, एक शब्द न बोलता. ट्रूडीनं उठून माझ्या टाळूवर पापा घेतला. केवढी हसलो आम्ही! मग तिनं माझ्या वेण्या घालायला घेतल्या. तांब्याच्या रंगाच्या, कमरेपर्यंत. उरलेल्या उद्या.

रविवार, १५ सप्टेंबर

चर्चमध्ये सगळ्यांनी वेण्यांचं कौतुक केलं. पाद्रीबाईसुद्धा थांबल्या. आईनं माझ्याकडे मान वाकडी करून पाहिलं – हल्ली ती सरळ बघतच नाही, माझ्या कानाकडे बघून बोलते, जणू मी नजर खर्च करण्याच्या लायकीची नाही – आणि म्हणाली, "उशीर केलास."

बस. एवढंच. एक शब्द वेण्यांवर नाही. घरी येऊन आरशासमोर उभी राहिले आणि मोठ्यानं म्हटलं, "सुंदर दिसतेस, ऑर्लीन." कुणीतरी म्हणायला नको का?

सोमवार, १६ सप्टेंबर

दवाखान्यात एका गोऱ्या म्हातारीनं विचारलं, "वेण्यांना हात लावून बघू?" म्हटलं, "आधी तोंड उघडा." जरा जोरातच घासले दात.

रविवार, २२ सप्टेंबर

बसले!!

जेवणं झाली. रॉन्डेलनं टेबल मांडलं. मार्लीस म्हणाली, "आई, तुमच्यासमोर कोण? माझ्या बहिणीला बोलावू?" तर आई खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "ऑर्लीन. बस."

रॉन्डेल हसता हसता गुदमरला. "ही? आई, ही दात घासते, पत्ते नाही पिसत!" आई म्हणाली, "मला माहितेय ती काय करते. बस म्हटलं ना!"

 सगळी पानं लक्षात ठेवली, ट्रूडीनं शिकवल्यासारखी, आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. व्हर्डी मावशीचं टेबलावर केवढं बोंबलणं असायचं! पान आपटायची आणि ओरडायची – "ही घे बदामाची राणी, रॉन्डेल, तुझ्या लग्नात आली होती ना? आता जाताना बघ!" दुसऱ्यांच्या पानांवरही हिचीच टिप्पणी. बाजारातल्यासारखं. मी तशी नाही. मी अदबीनं खेळले.

हरलो. आई भलतीच पानं टाकत होती. मी राजा टाकला त्यावर तिनं एक्का मारला – आपल्याच जोडीदाराच्या हातावर! आणि वर मलाच म्हणते, "बोल ना गं काहीतरी. तोंड शिवलंय का?"

वीस-पंचवीस वर्षं तोंड बंद ठेव म्हणून ऐकलं. आता बोल! या बाईला खूश करण्याचा रस्ता अजून कुणी बांधलेला नाही.

रविवार, २९ सप्टेंबर

पुन्हा हरलो. आई पत्ते गालाजवळ धरते, खिडकीकडे वळवून, फोन कानाला लावल्यासारखे. "कुणी डोकावू नये म्हणून," म्हणते. कोण डोकावतंय? मी?

पुन्हा तेच. "काय टाकलंस? सांगून टाकत जा. व्हर्डी असती तर एव्हाना घर डोक्यावर घेतलं असतं." मी म्हटलं, "मी व्हर्डी मावशी नाही." "ते दिसतंय," आई म्हणाली.

गाडीत बसून रडले. मग रडल्याचा राग आला.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

ट्रूडी म्हणते, गप्पच राहा, ती तुझी परीक्षा घेतेय. बाकीच्या दोघी म्हणाल्या, खरंय, आया अशाच असतात. एकीनं पीच घालून केक आणला होता. दोन तुकडे खाल्ले. या बायका नसत्या तर मी कधीच वेडी झाले असते.

रविवार, १३ ऑक्टोबर

सावकाश लिहिते, म्हणजे पुढे वाचायला मजा येईल.

चर्चमधल्या दोन बायका जेवायला आल्या होत्या. डाव रंगात आलेला. मी गप्प. आई दोनदा म्हणाली, "बोल." मी नाही बोलले. मग आई पाहुण्यांकडे वळली. "हिची गोष्ट सांगितली का तुम्हाला? एकोणीस वर्षांची होती..." आणि सुरू! चौकट, किलवर, तो मुलगा, त्याचा पडलेला चेहरा, सगळं. आवाजासकट नक्कल करून. पाहुण्या डोळे पुसेपर्यंत हसल्या. आईही हसली, माझ्या कानाकडे बघत.

पुढच्या हाताला मार्लीसनं बदामाची उतारी केली. आईनं चौकटची अठ्ठी टाकली. म्हटलं ठीक, बदाम संपले असतील. दोन हात झाले आणि आईनं शांतपणे खाली ठेवला – बदामाचा राजा!

हातात बदाम असताना चौकट! माझ्या आईनं, इओला गेन्सनं! कुणाच्या लक्षात आलं नाही. रॉन्डेल कोंबडीच्या तंगडीत गुंतला होता, मार्लीस पाहुण्यांना सरबत ओतत होती. मी गप्प राहिले असते तर आम्ही तो डाव जिंकत होतो. पहिल्यांदाच.

मी म्हटलं, "आई, मघाशी बदाम होते की तुझ्याकडे."

 मी झालेल्या हातांचे पत्ते उलटे केले, चौकटची अठ्ठी शोधून राजाशेजारी ठेवली. वर बोट ठेवून दाखवली, पाहुण्यांनाही. "रंग चुकवला त्यानं काय करायचं गं? तूच सांग. तुझाच नियम."

आईनं पत्त्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. टेबलाची कड धरली. "उठायचं," म्हणाली, आणि उठली. मग म्हणाली, "चला, आवाज तरी आला तुझा एकदाचा." भिंतीला हात लावत लावत खोलीत गेली, म्हातारपणाचं नाटक करत.

रॉन्डेल म्हणाला, "तू तिच्या बाजूनं खेळत होतीस, ऑर्लीन." मी म्हटलं, "ती कधी होती माझ्या बाजूनं?"

घरी येऊन दोन प्लेटा जेवले. मॅकरोनी इतकी चविष्ट कधीच लागली नव्हती.

सोमवार, १४ ऑक्टोबर

अजून छान वाटतंय. दवाखान्यात गुणगुणत होते.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

सलूनमध्ये सगळी गोष्ट रंगवून सांगितली. बायका पुढे सरकून ऐकत होत्या. राजा पडला तेव्हा एकीनं किंकाळी मारली. ट्रूडीनं विचारलं, "मग तुझा जोडीदार काय म्हणाला?" म्हटलं, "जोडीदार कोण? जोडीदार आईच होती."

ट्रूडीच्या हातातला कंगवा थांबला. "म्हणजे रॉन्डेलनं नाही पकडलं?"

"नाही. मी."

"स्वतःच्या जोडीदाराला उघडं पाडलंस? पाहुण्यांसमोर?"

मी म्हटलं, तिनं मला वीस-पंचवीस वर्षं काय काय केलं ते तुला ठाऊक आहे. ट्रूडी म्हणाली, "ते घरातलं. हे टेबलावरचं. जोडीदारानं खून केला तरी आपण दोघं त्या वेळी चर्चमध्ये होतो म्हणायचं असतं!" कुणी हसलं नाही. खेळायची वेळ झाली तेव्हा माझ्यासमोर बसायला कुणी उठेना. एकीला मुलाचं काम आठवलं, एकीची पाठ दुखायला लागली. ट्रूडी म्हणाली, "काही दिवस नको येऊस, राणी."

हिची आई हिला रोज फोन करून "जेवलीस का" विचारते. हिला काय कळणार!

रविवार, २७ ऑक्टोबर

आज गेले. जायचं नव्हतं, पण आईला चर्चला नेणारी मीच – गाडी तिनं कधीच विकून टाकली, "पोरं कशाला आहेत" म्हणून.

टेबल भिंतीला टेकवून ठेवलेलं. कुणी मांडलं नाही. रॉन्डेल माझ्याशी बोलत नाही. मार्लीस त्याच्या वाटणीचं जरा जास्तच गोड बोलते, मला वाटतं तिला मजा येतेय.

आणि आई? आईनं मला वाढायला घेतलं. स्वतः! पातेलं घेऊन माझ्या शेजारी आली, म्हणाली, "वाळलीस. धर प्लेट." आणि पाकातली रताळी, चांगली डावभर, सरळ माझ्या पांढऱ्या स्कर्टवर!! गरम! मुद्दाम. सगळ्यांसमोर, मी केलं तसंच.

मी ओरडले, "डोळे फुटले का तुझे?"

"हो," आई म्हणाली. आणि हसली! असला कोडगेपणा मी जन्मात पाहिला नाही. स्कर्ट गेला. मी म्हटलं, पुन्हा या घरात पाऊल ठेवणार नाही, चर्चला जायला दुसरं कुणी शोध. आई माझ्या कानाला म्हणाली, "बरं."

मंगळवार, २९ ऑक्टोबर

व्हर्डी मावशीचा फोन. रॉन्डेलनं तिला सगळं सांगितलं म्हणे. आधी शिव्या दिल्या, पोटभर. मग म्हणाली, "इओलाला दोन वर्षं झाली, समोरचं दिसत नाही. मधलं सगळं गेलंय, कडेकडेनं थोडं दिसतं. म्हणून मान वाकडी करते. लाल-काळं कळतं तिला, बदाम की चौकट ते नाही कळत. मी टेबलावर घसा फोडून ओरडायचे ते कुणासाठी वाटलं तुला? पोरांना सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती मला. जाताना मीच म्हटलं, समोर मार्लीसला बसव. तर म्हणाली, नाही, ऑर्लीन. ती पोरगी जन्मापासून कधी गप्प बसलेली नाही. ती बोलेल."