आईने रेडिओ ऐकला तो शनिवार

शॉमबर्ग,
९ नोव्हेंबर २०२४

चि. उल्हास यास रत्नाचे अनेक आशीर्वाद. आशीर्वाद रीत म्हणून लिहिले आहेत. आज मनात दुसरंच आहे.

मी फोन आपटला अशी तू तुझ्या दीपाजवळ तक्रार केलीस म्हणे. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. आता बोल मध्ये!

तुमच्या सनीव्हेलच्या दिवाळीच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ नेत्राने पाठवला. पोरीला वाटलं, आत्या खूश होईल. तुझं पोर गुणी आहे, तिच्यावर राग नाही. तू आईची वही हातात घेऊन स्टेजवर बसलास आणि १९५९ सालचा तिचा विलायतेतला, कॉव्हेंट्रीतला एक शनिवार वाचलास. रेडिओवर सकाळी सातच्या बातम्या. मग हवामान. मग भजनं, त्यांच्या चर्चमधली. मग गुलाबावर पडणाऱ्या हिरव्या किडीवर कोणा माळ्याचं भाषण, ज्यावर आईने लिहिलंय की इतकं प्रेमाने तर इथे माणसांबद्दलही बोलत नाहीत. लोक हसले. मीही हसले असते. मग घरमालकीण तिला ‘मेरी, मेरी’ अशी हाक मारते, ते तू बायकी आवाज काढून केलंस आणि हॉल डोक्यावर घेतलास. दुपारच्या बँडच्या कार्यक्रमापाशी वही मिटलीस, नमस्कार केलास.

शेवटचं पान कुठे गेलं, उल्हास?

वही तुझ्याकडे देण्याआधी मी ती तीनदा वाचली आहे. आईने रेडिओवाल्यांना पत्र लिहिलं होतं, त्याचा पेन्सिलीतला कच्चा मसुदा मागे आहे. पत्र शनिवारी वाचू असं त्यांचं कार्ड आलं, पण वेळ दिली नव्हती. म्हणून ती सात वाजल्यापासून त्या डब्यासमोरून हलली नाही. नळाच्या आवाजात ऐकू येणार नाही म्हणून भांडी घासली नाहीत. उभ्याने जेवली. आणि संध्याकाळी पाच वाजता ‘आता श्रोत्यांची पत्रं’ एवढं ऐकू येतंय, तोच बाबा त्यांच्या मित्राला, नंदूकाकांना, घेऊन आले आणि क्रिकेटची कॉमेंट्री लावली. वहीत शेवटची ओळ आहे: ‘पाच वाजून दोन मिनिटं. ह्यांनी बटण फिरवलं.’

हे तुला दिसलं नाही असं सांगू नकोस. बाबांनी एकदा फिरवलं, पासष्ट वर्षांनी तू फिरवलंस.

रत्ना


सनीव्हेल,
१७ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस, उल्हासचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मेलबॉक्समध्ये पाहून दीपा घाबरली, तिला वाटलं कोर्टाची नोटीस. वाचल्यावर म्हणाली, नोटीस परवडली असती.

होय, ते पान मी मुद्दाम वगळलं. ताई, हॉलमध्ये तीनशे लोक होते. निम्मी मुलं मराठीत विचारलं तर इंग्लिशमध्ये उत्तर देणारी. त्यांना आजीची पिढी कशी होती हे हसत-खेळत दाखवायचं होतं. एका ओळीसाठी बाबांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू? दोन-दोन शिफ्ट करून तुला शिकवणारा माणूस तो. लग्नाआधी तुला एकटीला अमेरिकेला पाठवताना सगळ्या नातेवाइकांशी भांडले ते. आणि मॅच लावली हा काय गुन्हा आहे? त्यांना पत्राचं माहीतच नव्हतं. आईने सांगायचं होतं.

शिवाय मी तर तेव्हा जन्मलोही नव्हतो. मला त्या घरातलं जे काही माहीत आहे ते वहीतूनच.

दुसरी अडचण अशी की सात डिसेंबरला इथल्या पूर्व किनाऱ्यावरच्या श्रूजबरीच्या मराठी मंडळाने हाच कार्यक्रम ठेवला आहे. नंदूकाका हल्ली तिथेच मुलीकडे असतात. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत, पहिल्या रांगेत बसणार आहेत. त्यांच्या तोंडावर हे वाचू? तू सांग. पण ओरडू नकोस. बीपीची गोळी घेऊन लिही.

तुझा,
उल्हास


शॉमबर्ग,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. उल्हास यास अनेक आशीर्वाद.

गोळी घेतली. काही उपयोग झाला नाही.

‘आईने सांगायचं होतं.’ हे वाक्य तू किती सहज लिहिलंस! तिच्या इंग्लिशला बाबा हसायचे. वाईट मनाने नाही, पण हसायचे, मित्रांदेखत. पत्र वाचलंच नाही तर आणखी हसतील म्हणून तिने बाबांना सांगितलं नाही.

पण मला सांगितलं होतं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या भावजींनाही नाही. मी सहा वर्षांची होते. त्या सकाळी वेणी घालताना ती माझ्या कानात म्हणाली की आज रेडिओवर आईचं नाव घेणार आहेत, सगळ्या गल्लीला ऐकू येईल, पण बाबांना एवढ्यात सांगायचं नाही. दिवसभर मी तिच्या शेजारी बसले. प्रत्येक माणूस बोलायला लागला की तिचा हात धरायचे.

मग बाबा आले, त्यांनी मला टॉफी दिली, मांडीवर घेतलं आणि बटण फिरवलं. आई दारात उभी होती. तिने बाबांकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. मला सगळं ठाऊक होतं. एकदा ‘बाबा, नको’ म्हटलं असतं तर ते थांबले असते. खरंच थांबले असते, तसे होते ते. मी टॉफीचा कागद सोडवत बसले. आपल्या कुणीतरी चौकार मारला तेव्हा नंदूकाकांबरोबर टाळ्याही वाजवल्या.

आईने मला त्याबद्दल कधी एक शब्दही विचारला नाही. ती रागावली असती तर मी सुटले असते.

म्हणून तुझ्यावर एवढी तापले, हे खरं. तरी तुझं चुकलंच आहे. माझ्या रागाचं कारण कळलं म्हणून तुझी चूक कमी होत नाही. शेवटचं पान वाच. मसुदाही वाच. बाबा चांगले होते हेही सांग, मी कुठे नाही म्हणते? नंदूकाकांना सोसेल. आईने सोसलं.

नाहीतर वही परत पाठव.

रत्ना


सनीव्हेल,
१० डिसेंबर २०२४

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार.

वही पाठवत नाही, कारण मी वाचलं.

बँडपर्यंत लोक हसत होते. ‘मेरी’ला या वेळी मी आवाज काढला नाही, तरी हसले. मग मी शेवटचं पान वाचलं, आणि मसुदा नेत्राला वाचायला दिला. तिचा तो अमेरिकन उच्चार पहिल्यांदाच माझ्या कामी आला. आईचे ते शब्द तुला तोंडपाठ असतील: ‘दोन वर्षं या रस्त्यावर राहते. शेजारणी हवेबद्दल बोलतात, मुलीच्या केसांबद्दल बोलतात, पण माझं नाव कुणी विचारलेलं नाही. माझं नाव शोभा राजाराम. अवघड नाही. एकदा म्हणून पाहा.’

नेत्रा तिथे थांबली. टाळ्या पडल्या नाहीत. नंतर मंडळाच्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की करमणुकीच्या कार्यक्रमात असं नको होतं, लोक मूड घालवायला येत नाहीत. मी त्यांना तुझ्याच आवाजात काहीतरी बोललो. पुढच्या वर्षी आमंत्रण येईलसं वाटत नाही.

नंदूकाका सगळे जाईपर्यंत खुर्चीत बसून होते. मला वाटलं, वाईट वाटून घेतलंय. मी जवळ जाऊन वाकलो. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, तो शनिवार चांगला लक्षात आहे, राजारामकडे मॅच ऐकली होती. मी विचारलं की आई तेव्हा काय करत होती. ते म्हणाले, वहिनी ना? वहिनी आत गेल्या आणि आमच्यासाठी चहा घेऊन आल्या. फार सुरेख झाला होता, मी दुसरा कपही मागून घेतला.

ताई, मसुदा ऐकूनही त्यांना एवढंच आठवत होतं. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाचा हात मी झटकून टाकला. त्यांची मुलगी बघत राहिली. गाडीत बसल्यावर लाज वाटली, पण परत जाऊन माफी मागितली नाही. अजून मागवत नाही.

तू सहा वर्षांची होतीस. मी एकसष्ट वर्षांचा होतो आणि वही माझ्या हातात होती.

भावजींना नमस्कार. तुझा राग ओसरला नसेल तर राहू दे, पण लिहीत राहा. फोन करणार नाही. तुझं पत्र येईल तेव्हा शेवटच्या ओळीपर्यंत वाचेन.

तुझा,
उल्हास