टेबलाखालचे एकशे सत्तावीस अंश

३ मे, रविवार

अनुपमाचा ऑनलाइन डेमो क्लास होता. दहावीचं गणित, पाच मुलं, आणि प्रत्येकाच्या मागे अर्धवट दिसत बसलेला एकेक पालक. वर्गसमीकरणातल्या x ची दुसरी किंमत निघायच्या बेतात असताना आमचा कॉम्प्युटर बंद पडला. आवाज नाही, धूर नाही, नुसता काळा स्क्रीन. ती फोनवरून परत जॉईन झाली तोवर दोन पालक निघून गेले होते.

शाळेने या वर्षी तिचं कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू ठेवलं नाही. इतकी वर्षं शिकवून आता नुसतं घरी बसून राहवणार नाही म्हणून तिने हा क्लास काढला आहे. बॅच १८ तारखेला सुरू. मी म्हणालो, कॉम्प्युटर माझ्यावर सोड. ती म्हणाली, फक्त बंद पडू देऊ नकोस रे, बाकी माझं मी बघते.

संकल्प: अंदाजपंचे काही करायचं नाही. आधी मोजमाप, मग निदान, मग उपाय. बी.एस्सी.ला फिजिक्स उगाच घेतलं नव्हतं.

४ मे, सोमवार

ऑफिसातून आल्यावर तापमान दाखवणारं एक फुकट सॉफ्टवेअर उतरवलं. प्रोसेसर ९१. हार्ड डिस्क ४४. मदरबोर्ड १६. आणि 'ऑक्स' नावाचं काहीतरी, १२७.

९१ वर विश्वास ठेवायचा मोह झाला. बंद पडण्याशी जुळतं. पण मग १६ चं काय करायचं? खोलीत ३४ आहे. मुलुंड ईस्टला, चौथ्या मजल्यावर, पश्चिमेच्या खोलीत, मे महिन्यात कोणतीही वस्तू आपणहून १६ अंशांवर राहू शकत नाही. फ्रिजमधलं दही राहतं. आणि १२७ खरं असतं तर त्यावर चहा झाला असता.

चारांपैकी दोन साक्षीदार उघड खोटं बोलत असतील तर उरलेल्या दोघांचं खरं मानणं प्रामाणिकपणाचं होईल का? मला वाटत नाही. आज कोणताही निष्कर्ष काढला नाही. दमलो.

५ मे, मंगळवार

माणिकला फोन केला. कॉम्प्युटर त्यानेच जोडून दिला होता. तो म्हणाला, फॉर्मॅट मारून टाकू साहेब. मी म्हणालो, तापमानाचा प्रॉब्लेम आहे. तो म्हणाला, तेपण जाईल फॉर्मॅटमध्ये. १२७ बद्दल विचारलं तर म्हणे, ते इग्नोर मारा, तिथे सेन्सरच लावलेला नसतो. जो सेन्सर नाही तो आकडा कसा देईल? असली विचारसरणी मला मान्य नाही. फोन ठेवला.

आई टेबलाखाली बसून आंबे खालीवर करत होती. गेल्या आठवड्यात गावाहून सहदेवमामाने पेट्या पाठवल्या, कच्च्याच. पलंगाखाली गार्गीची अकरावीची पुस्तकं आहेत, म्हणून आईने यंदा आढी कॉम्प्युटरच्या टेबलाखाली घातली. कॅबिनेटच्या मागे आणि बाजूला पेंढा, पेंढ्यात आंबे, वर जुनी गोधडी. म्हणाली, हय ऊब चांगली आसा. तेव्हा मला विचारलं होतं आणि मी हो म्हणालो होतो. छोट्या घरात एकमेकांना सामावून घ्यावं लागतं. आज म्हणाली, पयल्यांदाच तुझां मशीन कामाक इलां. कशाबद्दल बोलत होती ते नीट ऐकलं नाही. १६ अंशांचा विचार चालू होता.

९ मे, शनिवार

सुट्टीचा पूर्ण उपयोग केला. कॅबिनेट ओढून खोलीच्या मधोमध आणला आणि झाकण काढून आत पाहिलं. धूळ बेताचीच. पुसली. तापमान ५८.

परत भिंतीशी सरकवला. अर्ध्या तासात ८८. पुन्हा ओढला, पुन्हा ५८. पुन्हा सरकवला, पुन्हा ८८. तीनदा तेच. आई वैतागली, पेंढा विस्कटतो म्हणून.

म्हणजे मी समोर बसून बघत असलो की यंत्र नीट वागतं, आणि पाठ वळली की बिघडतं. जेवताना हे बोललो तर गार्गी म्हणाली, बाबा, मीपण तशीच आहे. तिच्या अभ्यासाचा विषय एकदा वेगळा काढायला हवा.

अनुपमा म्हणाली, मधे ठेवल्यावर चालतोय ना, मग मधेच राहू दे. मी समजावलं की कारण न कळता केलेला उपाय म्हणजे उपाय नव्हे, ते लक्षण दाबणं झालं. शिवाय कपाटाचं दार उघडत नाही. ती वही घेऊन हॉलमध्ये गेली. पटलं असावं.

संशय आता भिंतीवर. पश्चिमेची आहे, दुपारभर तापते.

१० मे, रविवार

आमरस. यंदा आंबे आठवडाभर लवकर पिकले, आई भलतीच खूश. म्हणाली, गावाक पण अशी आढी जमली नव्हती. दुसरी पेटीही तिने लगेच पेंढ्यात घातली.

दुपारी भिंतीची रीडिंग्ज घ्यायची होती. दोन वाट्या रस झाल्यावर जरा आडवा झालो तो पाचला उठलो. स्वतःचीच लाज वाटली. विषयाशी संबंध नसलेल्या गोष्टींत माणूस किती वेळ घालवतो.

संकल्प: १८ तारखेपर्यंत दुपारची झोप बंद.

१२ मे, मंगळवार

भिंत निर्दोष आहे. बाजूच्या भिंतीपेक्षा फक्त दोन अंश जास्त. इतक्या दिवसांचा संशय गेला, थोडं ओकंओकं वाटलं.

टेबल फॅन कॅबिनेटवर लावून पाहिला. फरक तीन अंशांचा. फॅन इथे असल्यामुळे अनुपमा हॉलमध्ये घाम पुसत नोट्स काढत होती. मी सांगितलं की ही तुझ्याच क्लासची तयारी आहे. ती म्हणाली, हो का?

खोलीभर पेंढ्याचे कण उडाले. आईने गोधडी नीट खोचायला हवी होती. तिला म्हणालो तर म्हणाली, मेल्या, फॅन आंब्यांक लागता की तुका?

१४ मे, गुरुवार

दुसरं सॉफ्टवेअर आणलं. त्याच्या मते प्रोसेसर ८३, हार्ड डिस्क ६८, मदरबोर्ड उणे दोन. मुलुंडमध्ये बर्फ.

मग सरळ मार्ग धरला. दोन्हींमधल्या सगळ्या आकड्यांची सरासरी काढली. ६१. अत्यंत समंजस आकडा. ६१ ला कोणताही कॉम्प्युटर व्यवस्थित चालतो. खूप दिवसांनी बरं वाटलं. अनुपमाला हाक मारून दाखवलं.

ती बघत असतानाच बंद पडला.

सरासरी एकाच गोष्टीच्या अनेक मोजमापांची काढायची असते, वेगवेगळ्या गोष्टींच्या सात आकड्यांची नव्हे. हे मी एफ.वाय.ला शिकलो होतो. मग आज असं का केलं? कारण ६१ हवा होता म्हणून. हे लिहून ठेवतो. निदान स्वतःशी तरी खरं बोलावं.

१६ मे, शनिवार

अनुपमाने विचारलं, सोमवारी चालेल की नाही, एका शब्दात सांग. मी म्हणालो, याचं उत्तर एका शब्दात देणं म्हणजे तुझी फसवणूक होईल. ती म्हणाली, देवेश, मला मुलांना लिंक पाठवायची आहे, हो की नाही? मी म्हणालो, 'बहुधा' हासुद्धा एकच शब्द आहे.

ती किचनमध्ये गेली. भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मी बॅच आठवडाभर पुढे ढकलायचं सुचवलं, तेही मोकळ्या मनाने. ती आतून म्हणाली, पालक थांबत नाहीत रे, स्टेशनजवळच्या क्लासला एसी आहे.

सोमवारची रजा टाकली आहे. उद्याचा रविवारही हातात आहे.

१७ मे, रविवार

झोपलो नाही. पण काही झालंही नाही. १२७ कडे दिवसभर बघत होतो. पहाटेपासून जराही हललं नाही, फॅन लावला तरी, बंद केला तरी. इतकं ठाम राहणं मला आयुष्यात कधी जमलेलं नाही.

१८ मे, सोमवार

बॅच सुरू झाली. किचनमध्ये, ओट्यावर. फोन तांदळाच्या डब्याला टेकवलेला, समोर अनुपमा उभी, शेजारी कुकर. सात मुलं.

आपण निदानाच्या अगदी जवळ आहोत हे तिला सांगावं म्हणून दारात जाऊन उभा राहिलो. तिने न बघता हाताने खूण केली. थांब अशी की जा अशी, ते स्पष्ट झालं नाही. थोडा वेळ थांबलो आणि मग गेलो.

मधेच कुकरची शिट्टी झाली. फोनमधून एक मुलगा म्हणाला, मॅडम, भात झाला. सगळी हसली. ती म्हणाली, अजून दोन शिट्ट्या आहेत, तेवढ्यात कोण सोडवतंय बघू. तिसऱ्या शिट्टीला तिघांची उत्तरं आली होती.

रजा वाया गेली असं म्हणणार नाही. फोनही तापतात हे माझ्या लक्षात आलं. रात्री तिच्या फोनचं तापमान घ्यायचं सुचवलं. तिने फोन उशीखाली ठेवला. उशीखाली तर आणखी तापतो. पण हे सांगितलं नाही. सगळंच सांगायचं नसतं.

२३ मे, शनिवार

यश! तपशिलाने लिहितो.

प्रोसेसर आणि त्यावरचा पंखा यांच्यामध्ये एक पेस्ट असते. उष्णता त्यातून बाहेर जाते. ती वाळते. काल ऑफिसमधून परस्पर लॅमिंग्टन रोडला जाऊन नवी ट्यूब आणली. आज सकाळी कॅबिनेट हॉलमध्ये नेऊन जुनी पेस्ट खरवडली आणि नवी लावली.

माझं काम चालू होतं तेव्हा आई आतल्या खोलीत आवराआवर करत होती. आंबे संपले. पेंढा पिशव्यांत भरून खाली पाठवला, गोधडी धुवायला टाकली, टेबलाखालची फरशी पुसून काढली. कॅबिनेट ठेवायला जागा अगदी स्वच्छ मिळाली, हेही बरं झालं.

भिंतीशी सरकवला. ५२. एक तासाने ५४. दिवसभर त्याच्या वर गेला नाही! पेस्ट. फक्त पेस्ट. कारण आणि परिणाम इतके स्वच्छ समोरासमोर उभे राहिलेले मी क्वचितच पाहिले आहेत. धीर धरला नसता, कोणाचं ऐकून कॅबिनेट मधे ठेवून दिला असता, तर हे कधीच कळलं नसतं.

१६ आणि १२७ आहेत तसेच आहेत. त्यांचं नंतर बघू.

आईला सांगितलं. ती म्हणाली, होय, आता थंडच होतला. आईचा माझ्यावर विश्वास आहे.

२४ मे, रविवार

मॉनिटर पुसला, खुर्ची लावली, उदबत्ती मात्र लावली नाही. अनुपमाला बोलावलं. ती पदराला हात पुसत आली, बसली, दोन-तीन गोष्टी उघडून पाहिल्या. म्हणाली, छान झालं रे. मनापासून म्हणाली. इतके दिवस केलंस, दमलास ना?

मग म्हणाली की मुलं आता अकरा झाली आहेत. डेमोतून निघून गेलेले ते दोघेही आले. मुलं वहीचे फोटो फोनवर पाठवतात, ती फोनवरच तपासते. गणित कागदावर सोडवते आणि फोन वरून धरते. त्यांना माझा हात लिहिताना दिसतो ना, ते त्यांना जास्त कळतं, म्हणाली. शाळेत फळ्यावर असायचं तसं. फक्त ओट्याशी दीड तास उभं राहून कंबर धरते.

मी विचारलं, मग तुला काय हवंय?

ती म्हणाली, टेबल.

मी म्हणालो, टेबलावर तर मॉनिटर आहे.

ती म्हणाली, हो, तेच म्हणतेय मी.

२५ मे, सोमवार

क्लास सातला. त्याआधी टेबल रिकामं करून द्यायचं ठरलं होतं. सहाला घरी आलो. मॉनिटर आणि कीबोर्ड कपाटावर ठेवले. पण त्याआधी नोंदीसाठी म्हणून एकदा शेवटची रीडिंग्ज घेतली, ती दुसऱ्या सॉफ्टवेअरशी ताडून पाहिली, यात वेळ गेला. सात वाजले. अनुपमा कागद आणि फोन घेऊन आली, खुर्ची ओढली आणि सुरू झाली. कॅबिनेट अजून टेबलाखाली होता.

वायरी काढायला मी तिच्या पायांशी वाकून आत शिरलो. निघताना कॅबिनेट छातीशी धरून उठलो तो थेट कॅमेऱ्यासमोर. एका मुलाने विचारलं, मॅडम, मागे कोण आहे?

अनुपमा म्हणाली, कोणी नाही रे, कॉम्प्युटर न्यायला आलेत. तू बोल, b चं चिन्ह काय?

ती घाईत बोलून गेली असणार. खोटं बोलणं तिच्या स्वभावात नाही. पण अकरा मुलांसमोर शिक्षिकेचा शब्द खोटा पडणं बरं नव्हे. हा माणूस कॉम्प्युटर घेऊन हॉलमध्ये घुटमळतोय, पाणी पितोय, असा आवाज आत गेला असता तर? म्हणून मी चपला घातल्या, कॅबिनेट उचलला आणि सरळ दाराबाहेर गेलो. आई सिरियल बघत होती. गार्गीच्या कानात हेडफोन होते. दार माझ्यामागे ओढलं गेलं. किल्ली आतच राहिली.

जिन्यात पायरीवर बसलो. कॅबिनेट मांडीवर. वजन बरंच आहे, हे आजपर्यंत कुठे नोंदलेलं नव्हतं.

क्लास साडेआठला संपतो. बेल वाजवली असती तर व्यत्यय आला असता, म्हणून थांबलो. साडेआठ झाले. दारामागून हसण्याचा आवाज आला. फोनमधून मुलांचा, आणि त्यात तिचाही. शाळेतून यायची तेव्हाही तिला असं हसताना ऐकलेलं आठवत नाही. आता उठेल, दार उघडेल म्हणून मी कॅबिनेट सावरून उभा राहिलो.

मग तिने आणखी एक गणित घेतलं.