बिननावाच्या लेखांतली तू

कारंजा (लाड),
९ एप्रिल

प्रिय मंजू,

पाकिटाच्या मागे मी माझं नाव लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर तू ते न फोडताच बाजूला टाकलं असतंस, असा मला संशय आहे. चार वर्षांत तू माझा एकही फोन उचलला नाहीस, तेव्हा संशय काही उगाच नाही. आता फोडलंच आहेस, अक्षरही ओळखलं असशील, तर पूर्ण वाच. शेवटचं पान आधी बघायची तुझी जुनी खोड आहे, ती आजच्या दिवस सोड.

इथलं सांगते. अब्बांचे गुडघे आता त्यांचं ऐकत नाहीत, त्यामुळे ते नुसते गल्ल्यावर बसतात आणि पिंजायचं काम दोन माणसं करतात. दुकान तेच, बसस्टँडच्या मागचं. आत मशीन सुरू झालं की बाहेर बसलेल्याच्या पापण्यांवरही कापूस बसतो, तेही तसंच. फक्त आता गिऱ्हाईक आधी मोबाईलवर बघतं आणि मग येतं. म्हणून दुकानाची वेबसाइट काढली आणि तिच्यावर लिहायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. 'कापसाची गादी की फोमची', 'रजई किती वर्षांनी पिंजून घ्यावी', असलं लिहिते. 'कापसाची गादी' हे शब्द शीर्षकात हवेत, पहिल्या शंभर शब्दांत हवेत, उपशीर्षकात हवेत, आणि इतकं करून ते कोंबलेले दिसायला नकोत. मी त्यात फार हुशार झाले आहे. पण लेख संपवून परत वाचते तेव्हा त्यात मी कुठेच सापडत नाही. आपल्या 'मानोरा गाडी' ब्लॉगवर मात्र चार वर्षांत एक ओळ टाकलेली नाही.

फेब्रुवारीत आमचा गादीचा लेख गूगलवर पहिल्या जागेवरून दुसऱ्या जागेवर घसरला. वर चढला होता घरगुती माहितीच्या कुठल्याशा वेबसाइटवरचा लेख, 'कापसाची गादी घरच्या घरी कशी स्वच्छ करावी'. लेखकाचं नाव नाही, नुसतं 'संपादकीय विभाग'. मी तो दोष काढायलाच वाचायला घेतला. सगळं जिथल्या तिथे होतं. शब्द मोजून पेरलेले, खाण्याचा सोडा, ब्रश, ऊन. आणि सहाव्या मुद्द्याच्या शेवटी एक वाक्य: 'उन्हात टाकलेली गादी दुपारी हळूच उसासा टाकते, तो ऐकू आला की तिला उलटवावं.' माझ्या हातातला चहा तसाच राहिला. हे अब्बांचं बोलणं आहे, मंजू. तू हॉस्टेलवरून रविवारी आमच्याकडे जेवायला यायचीस, गच्चीवर गाद्या पसरलेल्या असायच्या, तेव्हा त्यांनी ते तुला सांगितलं होतं. तू खरंच गादीला कान लावून बसली होतीस आणि अम्मी ओरडली होती, "इस बच्ची को धूप लग जाएगी!"

पहिला संशय आला चोरीचा. आपल्या ब्लॉगवरून कोणी उचललं असेल म्हणून मी जुने सगळे लेख चाळले. त्यात हे वाक्य नाही. मग वाटलं, हल्ली असले लेख मशीनकडून लिहून घेतात. पण मशीनला आमची गच्ची कुठून माहीत? तिसरा संशय तुझा आला, आणि खोटं कशाला सांगू, राग आला. वाटलं, तू मुद्दाम आमच्या दुकानाला खाली ढकलते आहेस. म्हणून मी त्या वेबसाइटवरचे सगळे लेख वाचायला घेतले, पुरावे गोळा करावेत तसे. तीनशेच्या वर होते. बहुतेक कोरडे ठक्क. पण चौदा लेखांत, कुठेतरी मधोमध, जिथे घाईतला वाचक थांबत नाही अशा जागी, एक एक वाक्य तुझं होतं. 'भाड्याची खोली घेताना काय पाहावे' या लेखात: 'समोरच्या भिंतीकडे उघडणारी खिडकी मोजू नये.' ज्वारीच्या भाकरीच्या लेखात: 'एकट्यापुरती एकच भाकरी थापली तर तवाही मनावर घेत नाही.' डोळ्यांची काळजी कशी घ्यावी या लेखात: 'दिवसाला चार लेख लिहिणाऱ्याने पाचवी गोष्ट डोळे मिटून स्वतःला सांगावी.' मी ती सगळी वहीत उतरवली. तू शहरात आहेस, एकटी आहेस, खोलीत उजेड नाही, आणि कोणाच्या तरी कंपनीसाठी दिवसाला चार लेख पाडतेस, एवढं मला तुझ्याशी न बोलता कळलं. राग केव्हा गेला ते समजलं नाही. पण नवा संशय आला. ही वाक्यं तू सहज लिहिलीस, की मी वाचीन म्हणून ठेवलीस? कोणता लेख वर चढतो आणि कोणता घसरतो हे मी रोज बघते, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

आठवतं ना, ब्लॉग काढला तेव्हा आपण काय ठरवलं होतं? तू लिहायचं आणि मी ते लोकांपर्यंत न्यायचं. बीएच्या शेवटच्या वर्षी, लायब्ररीच्या पायऱ्यांवर. तू वहीत लिहायचीस, मी मोबाईलवर टाईप करायची. लेख एकदा माझ्या हाती दिला की तू तो पुन्हा बघायचीही नाहीस. म्हणायचीस, छापलेलं दिसलं की मले नुसत्या चुका दिसतात. भांडण ठरलेलं असायचं. तू तांड्यावरच्या पाण्याच्या टाकीबद्दल लिहून शीर्षक द्यायचीस 'पाणी येते तेव्हा', आणि मी म्हणायची, असं कोण शोधतं? 'तांड्यावरील पाणीटंचाई' असं लिही. तू चिडायचीस. "लोक जे शोधून राह्यले तेच लिवलं, तं त्याइले नवं काय भेटन?" आणि मी म्हणायची, "अन् सापडलंच नाही तं वाचन कोन?" आज विचार करते तर दोघींचंही खरं होतं. तुझे लेख सापडावेत म्हणून मी जे शिकले ते वाईट नव्हतं. कामरगावच्या एका शिक्षकांनी तुझा टाकीवरचा लेख वर्गात वाचून दाखवला, तो त्यांना माझ्या शीर्षकामुळेच सापडला होता. त्या दिवशी तू मला बसस्टँडवर उसाचा रस पाजलास आणि म्हणालीस, "तुहं बी काही काही बराबर असते."

आता ते सांगते, जे टाळत इथपर्यंत आले. तू याडीवर लिहिलंस तो लेख. रामीबाईंना, तुझ्या आईला, ऊसतोडीच्या फडावर ताप भरला, दोन दिवस मुकादमाने गाडी दिली नाही, आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांचा एक कान कायमचा गेला होता. तू ते किती हळू लिहिलं होतंस! कोणावर ओरडली नव्हतीस. मुकादमाचं नाव नव्हतं, तांड्याचं नव्हतं, याडीचंही नव्हतं. शीर्षक होतं 'आईचा डावा कान'. मी त्याचं केलं 'ऊसतोड महिलेची धक्कादायक कहाणी'. हे तुला नंतर कोणाकडून तरी कळलं, आणि त्यावरून तू मला बोललीस तेही मी ऐकून घेतलं. आठ दिवसांत चाळीस हजार लोकांनी तो लेख वाचला. मी दर तासाला आकडा बघत होते. मला वाटत होतं, हे माझं यश आहे.

दसऱ्याला मुकादम टोळी ठरवायला तांड्यावर आला, तेव्हा लेख त्याच्या मोबाईलवर होता. तुमच्याच तांड्यातून बातमी गेली म्हणाला आणि तांड्यावरच्या अकराही नवरा-बायकोच्या जोड्यांना काम नाकारून दुसरीकडे गेला. अकरा घरं त्या वर्षी वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, जिकडे वाट फुटेल तिकडे गेली. तांड्यावरच्या बायांनी याडीशी बोलणं टाकलं. त्या आठवड्यात तू मला फोन केलास. तुझा आवाज अगदी सपाट होता. "नाजिश, मी तांड्याचं नाव लिवलंच नव्हतं. मंग मुकादमाले कसं कयलं?" मी म्हणाले, "तांड्यातल्याच कोनी सांगतलं असन." मग एकच शब्द बोललीस, "करण." तुझा धाकटा भाऊ तेव्हा मुकादमाचा ट्रॅक्टर चालवत होता, त्याच्यासोबत जेवत होता. मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. त्यानंतर तू घर सोडलंस, आणि त्या लेखाची आठवणही नको म्हणून की काय, माझे फोन घेणंही सोडलंस.

त्या चौदा वाक्यांत एक असं होतं, जे वहीत उतरवताना माझा पेन थांबला. मागच्या श्रावणातला लेख, 'भावा-बहिणीसाठी राखीच्या भेटवस्तू: दहा कल्पना'. नवव्या आणि दहाव्या कल्पनेच्या मध्ये तू लिहिलं होतंस: 'ज्याच्यावरचा भरवसा गेला त्याच्यासाठीही राखी विकत घेतली जाते, ती फक्त बांधली जात नाही.' त्या पानाखाली चॉकलेटच्या डब्याची जाहिरात होती. मी ते वाक्य कितीदा वाचलं सांगता येणार नाही. मग मनात आलं, तुला सगळं कळलेलं असेल आणि तू माझी वाट बघत असशील, मी कधी तोंड उघडते म्हणून. पण कळलं असतं तर तू राखी बांधली असतीस. म्हणजे तुला माहीत नाही. हे समजूनही मी दीड महिना गप्प बसले. दुकानाच्या वेबसाइटवर उशांवर दोन लेख लिहिले.

परवा करण दुकानात आला. त्याचं लग्न ठरलं आहे, २ मे, पत्रिका सोबत ठेवली आहे. दोन गाद्या आणि दोन रजयांची मागणी लिहून झाली तरी तो उठेना. अब्बांनी सहज तुझी चौकशी केली आणि तो खाली बघत म्हणाला, "ताई माह्याशी बोलत नाही, चाचा. चार वर्सं झाले. काहून, ते बी सांगत नाही. मी ट्रॅक्टर चालवला म्हून असन." मग माझ्यासमोर पत्रिका आणि एक चिठ्ठी ठेवली. तू याडीला औषधं पाठवतेस त्या पाकिटावरून उतरवलेला तुझा नागपूरचा पत्ता होता. "तुमी धाडा. तुमचं आयकन ती." मी तिथेच, मशीनच्या आवाजात, त्याला सगळं सांगितलं. आवाजामुळे एकदा ऐकू गेलं नाही, म्हणून दुसऱ्यांदा मोठ्याने सांगावं लागलं. अब्बा गल्ल्यावर होते, त्यांनीही ऐकलं. अजून ते माझ्याकडे नीट बघत नाहीत. करण ओरडला नाही. उभा राहिला आणि म्हणाला, "हे मले कायले सांगून राह्यल्या? तिले सांगा." म्हणून हे पत्र. करणने काही सांगितलं नव्हतं, मंजू. तांड्याचं नाव मी घातलं होतं. शीर्षकाच्या खालच्या ओळीत आणि मीच लावलेल्या याडीच्या फोटोखाली, कारण ठिकाणाचं नाव असलं की लेख वर येतो, हे मी नुकतंच शिकले होते. तुझा फोन ठेवल्यावर पाचव्या मिनिटाला मी ते नाव आणि तो फोटो काढून टाकला, तू कधी बघशील तर दिसू नये म्हणून. येत्या रविवारी मी तांड्यावर जाऊन याडीला आणि त्या अकराही घरांना हे सांगणार आहे. ते मला काय म्हणायचं ते म्हणोत. तू मला उत्तर देऊ नकोस, माफही करू नकोस, लग्नात मी नको असेन तर मी येणार नाही. पण हे वाचून झाल्यावर करणला फोन कर. त्याने चार वर्षांत दोन मोबाईल बदलले, नंबर मात्र तोच ठेवला आहे, तू कधी लावशील म्हणून.

तुझीच म्हणावं की नाही हे आता तू ठरव,
नाजिश