काटा खरंच पडत होता

प्रिय दादा,

पाकीट फोडल्यावर आधी रबराचा तुकडाच हातात आला असेल आणि तुझ्या शेपटीचं, म्हणजे माझं, डोकं फिरलं की काय, असं तुला वाटलं असेल. तो फेकू नकोस. मी दोनदा धुतलाय, तरी तेलाचा वास जात नाही. तो का पाठवलाय ते सांगते, पण मला कुठलीही गोष्ट पहिल्यापासून सांगितल्याशिवाय जमत नाही, हे तुला माहीतच आहे.

अप्पा वर्कशॉपमधून निवृत्त झाले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी लाल टू-सीटर मोटारीवरची ताडपत्री काढली. चौदा वर्षं त्या गाडीला कुणी हात लावला नव्हता. आईने तर तिच्यावर रिकामी खोकी रचून ठेवली होती. जाम झालेलं इंजिन अप्पांनी वर्षभर खपून एकट्याने उघडलं, घासलं, पुन्हा जुळवलं. राहिले फक्त ऑइलचे दोन रबरी पाइप, इंजिनातून निघून पार गाडीच्या नाकाशी बसवलेल्या, ऑइल गार करणाऱ्या कूलरपर्यंत जाणारे. त्यांची बोटं आता नटावर ठरत नाहीत, म्हणून रविवारी मला बोलावणं आलं. दातांची डॉक्टर म्हणजे अडचणीच्या जागी हात घालणारी बाई, तेव्हा हे काम तुझंच, म्हणाले.

अप्पा पाइप कसे तपासायचे, आठवतं? अंगठ्याने दाबायचे, वाकवून चिरा बघायचे, नाकाला लावायचे. आणि काढलेला पाइप उभा चिरून आत पाहिल्याशिवाय कधी टाकायचे नाहीत. कशाने मेला ते कळायला नको का, म्हणायचे. गाडी बंद पडली त्या महिन्यात तू त्यांना तीनदा सांगितलंस, चढणीवर गाडी तापली की ऑइलच्या दाबाचा काटा पडतो. त्यांनी गाडी अंगणात, थंड इंजिनावर चालू करून पाहिली. काटा जागच्या जागी. पाइप दाबून पाहिले, टणक. मग म्हणाले, काटा नाही पडत, तुझा पाय पडतोय ॲक्सिलरेटरवर. सगळे हसले. मीही हसले, दादा. पंधरा दिवसांनी चढणीवरच इंजिन जाम झालं आणि अप्पा चारचौघांत तुला जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. पण त्या दिवशी, आयुष्यात एकदाच, त्यांनी काहीही उघडून पाहिलं नाही. ताडपत्री टाकली आणि घरात गेले. तू बॅग भरलीस.

तर रविवारी मी एका पान्याने सांधा धरून ठेवला, दुसऱ्याने नट फिरवला आणि जुने पाइप काढले. वरची कापडी वीण अगदी शाबूत. अप्पांनी दाबून पाहिलं आणि अजूनही चालले असते, असं पुटपुटले. मी सवयीने दवाखान्यातला छोटा आरसा आणि दिवा आत घातला. दादा, रोज शंभर तोंडांत डोकावते मी, पण असं कधी थबकले नव्हते. आतलं अस्तर एका जागी सुटून जिभेसारखं वळलं होतं. नखाएवढी, पातळ, काळी जीभ. चिरण्याआधी मी पाइपात फुंकलं. वारा सुखाने पलीकडे गेला. अप्पा उठून आत गेले, कढत पाण्याची बादली घेऊन आले, पाइप बराच वेळ तिच्यात धरला आणि परत माझ्या हातात दिला. मी फुंकलं, तर नुसते माझे गाल फुगले. जीभ मऊ पडून आडवी झाली होती. थोड्या वेळाने पाइप निवला आणि जिभेने, जणू काही घडलंच नाही अशी, वाट मोकळी केली. आम्ही ते चार वेळा करून पाहिलं. दर वेळी तसंच. बाहेरून दिसायला काही नाही, थंड असताना काही नाही, आणि तेवढ्याशा तुकड्याने एवढं इंजिन थांबवलं आणि आपलं घरही. आम्ही दोघं बादलीपाशी देवघरात बसल्यासारखे बसून होतो.

मग अप्पांनी स्वतः पाइप चिरला. सुरी मला घेऊ दिली नाही. जिभेवरून अंगठा फिरवत म्हणाले, “काटा खरंच पडत होता. त्याने तीनदा सांगितलं होतं.” आई दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

नवे पाइप मी बसवलेत. ऑइल भरलंय, सांधे पुसून कोरडे केलेत, म्हणजे गळती लगेच दिसेल. पण अप्पा किल्ली फिरवत नाहीत. रोज सकाळी गाडी पुसतात आणि शेजारच्या सीटवर बसून राहतात, चालवायची जागा रिकामी ठेवून. पत्र त्यांना लिहायचं होतं. तीन कागद फाडले, मग हा तुकडा माझ्यापुढे ठेवून म्हणाले, “हा त्याला पाठव. आणि विचार, येशील का. चढणीवर न्यायचीय, चांगली तापू द्यायचीय. काटा काय दाखवतो ते त्यानेच सांगायचं. मी फक्त ऐकणार.”

तुझीच,
शेपूट