प्लास्टरचा नारळ

२२ सप्टेंबर १९८६

आजपासून मौजनगर! मालाडहून मार्व्याच्या बसला चक्क खिडकी मिळाली. खाडीचा वारा, दोन्ही बाजूंना माड, आणि फाटकाशी उतरले तर आत मोठ्या पाळण्याला पिवळा रंग देणं चाललेलं. गोरेगावच्या स्टुडिओत इतकी वर्षं काळोख्या फ्लोअरवर काढल्यावर उघड्यावर काम करायचं म्हणजे चैनच. जयाने तर शाळेत सगळ्यांना सांगूनही टाकलंय, माझी आई रोजच्या जत्रेत कामाला लागली म्हणून.

मॅनेजर नंदकिशोर म्हणून आहेत. पूर्वी सर्कशीत होते. अजून बोलताना हात असा वर करतात की समोर सिंह बसलाय. त्यांनी मला छोटी आगगाडी, भुलभुलैया, सगळं फिरवून दाखवलं आणि शेवटी बांबूच्या बेटामागे नेलं. तिथे माझं काम आहे : कोकणगाव. सात घरं, एक पार, एक विहीर आणि पाराशेजारी गावच्या राखणदार देवाची घुमटी. भिंती प्लायच्या, वरून प्लास्टर, त्यावर जांभ्याचा रंग. विहिरीत पाणी नाही, तळाला आरसा बसवलाय. सगळं नवंकोरं, बघवत नाही इतकं. दिवाळीत उद्घाटन. लोकांनी आत पाऊल टाकल्याबरोबर म्हटलं पाहिजे, अरे, इथे खरंच कोणी राहतं की काय, असं नंदकिशोर म्हणाले. मी म्हटलं, म्हणतील. नवी भिंत जुनी करणं हाच माझा धंदा.

२६ सप्टेंबर

गाव जिवंत दिसायचं तर माणसांच्या खुणा लागतात. आत्ताच कोणीतरी उठून आत गेलंय असं वाटलं पाहिजे. पाटाजवळ अर्धा प्यायलेला चहा, दोरीवर एकच ओलं लुगडं, बंद खोलीतून जात्याची घरघर (टेप लावणार आहोत). पण या झाल्या सगळ्यांना सुचणाऱ्या गोष्टी. खऱ्या खुणा कोणी मुद्दाम करत नसतं, त्या राहता राहता पडतात.

डोकं खाजवत बसण्यापेक्षा मी सरळ आमचीच खोली उचलली. बोरिवलीला काजूपाड्याच्या चाळीतली आमची एक खोली, पण खुणांची खाण आहे. उंबरठा मधोमध झिजून खोलगट झालेला. स्टोव्हमागची काजळी. सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते) रोज दुपारी जिथे डोकं टेकून बसतात तिथला भिंतीवरचा तेलाचा डाग. आणि दाराच्या चौकटीवर जयाच्या उंचीच्या रेघा, दर वाढदिवसाला एक. मी सगळं कागदावर उतरवून घेतलं आणि पहिल्या घरात जसंच्या तसं केलं. काजळी, जवसाचं तेल, पेन्सिल. जास्त झालेलं अंगठा ओला करून पुसून टाकायचं. स्टुडिओत मला या सवयीवरून अंगठाबाई म्हणायचे.

जयाने विचारलं, रेघांशेजारी माझं नावही घालशील ना गं? घातलं.

घरी पोचायला रोज उशीर होतो. हे गिरणी बंद पडल्यापासून गावीच, त्यामुळे सगळा भार आईंवर. कामात मजा आहे, पण अंगाचं पार पोतेरं झालंय. जेवताना डोळे मिटतात.

३ ऑक्टोबर

रात्र थोडी सोंगं फार, अशी गत आहे. आता नंदकिशोरना रोज संध्याकाळी पाहुण्यांसमोर गाऱ्हाणंही हवंय. त्यासाठी दत्ताराम आलाय. सावंतवाडीकडचा, घाटकोपरला राहतो, संपानंतर मिळेल ते काम करतो. गावात त्याचे वडील देवासमोर गाऱ्हाणं घालायचे, म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने देवाकडे मागणं मागायचे. त्याचा आवाज ऐकून भाकऱ्या भाजणारी कॉन्सेप्टा हातचं टाकून बाहेर आली. ही मनोरीच्या गावठाणातली, बिनधास्त बाई. दत्तारामला म्हणाली, तू आमच्या पाद्रीबाबालापण मागे टाकशील रे.

भानगड नारळाची झाली. गाऱ्हाण्यात देवाकडे मागायचं तर त्याच्यापुढे नारळ ठेवावा लागतो. रोजचा नारळ, रोजचा कचरा, नको, असं नंदकिशोर म्हणाले. मग मीच प्लास्टरचा नारळ केला. खरी शेंडी चिकटवली. हातात घेतल्याशिवाय कळणार नाही असा झकास झाला. दत्ताराम कुरकुरला, देवाला खोटं देऊ नये बाई, मागणं खरं असेल तर देणंही खरं लागतं. मी म्हटलं, अरे, देवही खोटाच आहे ना, मीच रंगवलाय परवा. तो हसला. मग म्हणाला, पण माझं तोंड खोटं बोलणार नाही, मी मागणार ते खरंच मागणार. मला तेच हवं होतं.

संध्याकाळी तालीम झाली. प्लास्टरचा नारळ घुमटीपुढे ठेवून त्याने हात जोडले.

बा देवा राखणदारा, म्हाराजा! आज ही लेकरा तुझ्या पायाकडे इली आसत. ह्या गावात माणसांची वर्दळ रवांदे, घराघरात चूल पेटांदे, आंगण पोराबाळांनी भरांदे, रे म्हाराजा!

व्हय म्हाराजा, असं आम्ही सगळे ओरडलो. कॉन्सेप्टा नाही ओरडली. तिचा देव वेगळा. माझ्या अंगावर काटा आला आणि मी खूश झाले, म्हटलं आता जमलं.

८ ऑक्टोबर

गाव भलतंच उतरलंय. आज सकाळी गल्लीत शिरले तर उकड्या तांदळाच्या पेजेचा वास. कॉन्सेप्टाला शाबासकी द्यायला गेले, तर ती परवापासून आलीच नव्हती. विहिरीत डोकावले तर आरशावर हातभर पाणी. पाऊस नाही, नळ नाही. नंदकिशोर म्हणाले, फार झकास, असंच ठेवा.

घरी उंबरठ्याला ठेच लागली. रोजच्या सवयीने पाऊल खोलगट भागात पडायचं, तो खोलगट भागच नाही. सपाट, गुळगुळीत. मालकाने नवा बसवला असेल असं म्हटलं, तर आई म्हणाल्या, कोणी आलं नाही गो. मी वाद घातला नाही. वाद घालायला त्राण लागतं.

१३ ऑक्टोबर

दसऱ्याची सुट्टीही मिळाली नाही. घरी आले तर स्टोव्हमागची भिंत पांढरीफेक, आणि आईंचा तेलाचा डागही गायब. मी चिडून म्हटलं, हात दुखतात म्हणता आणि भिंती कशाला घासत बसता? आई रडायला लागल्या. त्यांनी हात लावला नव्हता. पूर्वी कधी मी त्यांना असं बोलले नव्हते, फार वाईट वाटलं.

आज कोकणगावातल्या डागाला नाक लावून पाहिलं. मी जवसाचं तेल लावलं होतं. वास आईंच्या माक्याच्या तेलाचा येतो.

१८ ऑक्टोबर

कोकणगावातल्या चौकटीवर एक रेघ जास्त. जयाच्या सगळ्यात वरच्या रेघेच्याही वर, मी न काढलेली. कोणा रंगाऱ्याचा चावटपणा. अंगठा ओला केला आणि पुसून टाकली.

घरी जया दारात रडत बसलेली. आमच्या चौकटीवरच्या सगळ्या रेघा गेल्या होत्या. आई, तू का पुसल्यास, तू का पुसल्यास, एवढंच म्हणत होती. तिला जवळ घेतलं. दसऱ्याचा नवा फ्रॉक तिला गुडघ्याखाली लोंबत होता. मीच शिवलाय तो, मापाने.

म्हणजे मी अंगठ्याने काय पुसलं?

पुन्हा त्या रेघांना हात लावायचा नाही. कोणालाही लावू द्यायचा नाही.

२३ ऑक्टोबर

दत्तारामने आज आपणहून विषय काढला. त्याच्या खोलीतल्या वडिलांच्या फोटोत नुसती काच उरलीय. आणि कोकणगावातल्या तिसऱ्या घरात तोच फोटो लागलाय, हार घातलेला. आम्ही दोघं पारावर बसलो. देवाने त्याचं काम चोख केलंय, असं तो म्हणाला. माणसांची वस्ती मागितली, ती तो देतोय. आपण त्याला खोटं दिलं, म्हणून तो खरं आपल्याकडून घेतोय आणि बदल्यात आपल्याला खोटं देतोय. बरोबरीचा व्यवहार.

मी म्हटलं, मग खरा नारळ ठेवू. आत्ता, लगेच. दत्तारामने मालाडच्या बाजारातून आणला, हलवून पाणी वाजतंय ते पाहिलं, घुमटीपुढे ठेवला, चुकीची माफी मागितली आणि फोडला.

आत पाणी नव्हतं. पांढरं होतं, पण खोबरं नव्हतं. बोटाला प्लास्टर लागलं.

नंदकिशोरना सांगितलं, बंद करा हे. ते म्हणाले, बाई, तुम्ही दमलाय, दिवाळीनंतर रजा घ्या.

२७ ऑक्टोबर

आई चहा मागत नाहीत. दुपारभर भिंतीला डोकं टेकून बसतात, पण डाग पडत नाही. आज त्यांना उठवायला खांद्याला हात लावला. पोकळ वाजलं.

मी स्टोव्ह पेटवला, भात केला, जयाला वाढला. दुसरं काय करणार? रडायलाही अंगात बळ नाही.

जया अजून ऊबदार आहे. तिला आता शाळेत पाठवत नाही. उद्यापासून मीही जाणार नाही. दार लावून तिला मांडीवर घेऊन बसणार.

२९ ऑक्टोबर

डोळा लागला. एवढंच. बसल्या बसल्या माझा डोळा लागला —

जागी झाले तर मांडीवर जया हलकी. फार हलकी. केसांना डिस्टेंपरचा वास. आई म्हणून हाक मारते, पण प्रत्येक वेळी तशीच, टेपसारखी.

मौजनगरपर्यंत कशी आले आठवत नाही. फाटकाशी कॉन्सेप्टा भेटली, वैतागलेली. म्हणाली, तुझ्या पोरीला सांग ना गं, सारखी माझ्या चुलीपाशी येते, भाजेल एखाद दिवशी.

३० ऑक्टोबर

ती आहे. पहिल्या घरात. ऊबदार, भुकेली, माझी जया. आईपण आहेत, डागाला टेकून. म्हणाल्या, किती उशीर केलास गो.

जयाला उचलून फाटकाकडे पळाले. बांबूच्या बेटाशी ती हलकी व्हायला लागली. फाटकाशी हातात नुसता फ्रॉक — परत वळले. पारापर्यंत आले तेव्हा पुन्हा वजन आलं. पुन्हा रडणं.

बाहेर ती माझी राहत नाही. मग मी इथेच. दिवा लावला. पेज केली. किती दिवसांनी पोटभर जेवले.

दत्ताराम तिसऱ्या घरात आलाय. म्हणाला, निदान इथे चूल तरी पेटते.

१ नोव्हेंबर

उद्घाटन. बँड. ओटीवर माणसंच माणसं. डोकावतात, वा वा म्हणतात. पुतळे किती हुबेहूब, डोळे हलल्यासारखे वाटतात. मी ओरडले. एक बाई म्हणाली, टेप छान लावलीय.

पारावर कोणी दत्ताराम गाऱ्हाणं घालतोय. एक शब्द चुकत नाही. आणि खरा इथे, शेजारच्या घरात, कान झाकून —

ती आली. गर्दीतून. माझी निळी साडी, माझी पर्स. नंदकिशोर तिला माझ्याच नावाने क्षमाबाई म्हणतायत. घरभर नजर फिरवतेय, मी फिरवते तशी. पाट, काजळी, डाग. आमच्याकडे पाहिलं, तेही तसंच, कुठे काय कमीजास्त —

चौकटीशी थांबली. म्हणाली, रेघा जरा जास्त झाल्यात.

जया, माझ्यामागे ये. ये गं —

तिने अंगठा ओला केला. वरची पुसली. फ्रॉक जमिनीला लागला.

दुसरी.

अगं बाई, तुला आठवत नाही का, आपणच काढल्यात या, दर वाढदिवसाला, तिला टाचा टेकव म्हणून ओरडायचीस — ऐकत नाही. तिला माझी टेप वाटतेय —

जया मांडीएवढी. आता हातात मावते. आई म्हणताही येत नाही तिला.

एकच उरलीय. सगळ्यात खालची, पहिल्या वाढदिवसाची. ती राहू दे. पाया पडते तुझ्या, तेवढी एक रा