पाठवणीची लुगडी

मु. भाजे, ता. मावळ
८ डिसेंबर १९३८

चि. सौ. नंदा,

विठाबाईचा तुला आशीर्वाद. ज्यांच्या पत्त्यावर हे पत्र येतंय त्या अनसूयाबाई मास्तरणींना माझा नमस्कार सांग. इथं ठीक आहे. भात झोडून झालं, पेंढा रचला. थंडीने हात उलतात, तेवढंच.

तू मला आई लिहिलंस. मुक्ता गेल्यावर बजरंगच्या घरात तू तिच्या जागी आलीस, तिच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घातलास. त्या रीतीने मी तुझी आई होते खरी. रीत म्हणून लिहिलं असशील, तरी मी ती ओळ पुन्हा वाचली. मी अक्षरं उशिरा शिकले, पुतण्याच्या पाटीवरून. त्यामुळे सावकाश वाचते, आणि सावकाश वाचलेलं विसरत नाही.

तू विचारलंस, मुक्ताच्या लुगड्यांनी ट्रंक गच्च भरली आहे, त्यांचं काय करू. बजरंगराव म्हणतात रोज वेगळं नेस आणि कोळशाच्या वखारीवरून फिरून ये, लोकांना दिसू दे. तुला ते नको वाटतं. बाईला कपडे लागतात तरी किती, असं विचारलंस.

थोडे लागतात. रोजची दोन, एक अंगावर आणि एक वळणीवर. दोन्ही एकाच रंगाची घे, म्हणजे बाईजवळ किती आहेत ते कुणी मोजत बसत नाही. कोळशाच्या घरात काळसर निळा रंग बरा. चोळ्या गडद खणाच्या शीव, त्या कशावरही चालतात. लग्नाला, सणाला, कुणाच्या दहाव्याला मिळून एकच चांगलं लुगडं पुरतं. काठ बारीक असावा, भरजरी नको, मग ते कुठेही शोभतं. जुनं झालेलं मधोमध विरतं. ते मधून फाड, कडा मध्ये घेऊन शिव, असा दंड घातला की आणखी वर्षभर जातं. त्यातूनही उरलं तर घरात वावरायला धडपा. थंडीला घोंगडी. झालं. एवढं एका बोचक्यात मावतं आणि बोचकं एका काखेत.

आणि नऊवारीच नेस. लोणावळ्याच्या बंगल्यांतल्या बायकांचं बघून बजरंगने मुक्तालाही गोल पातळ आणून दिलं होतं. त्यात पाय अडकतात. कासोटा घातलेली बाई पळू शकते.

हे मला असं लिहायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं. असू दे.

ट्रंकेतलं कोणतं ठेवू, हेही तू विचारलंस. मला ती सगळी ओळखू येतात. मोरपिशी आहे ना, ते तिचा कान फाटला तेव्हाचं. अंजिरी काठाचं, ते पाठीवर तापलेली उलथणी ठेवली त्या पावसाळ्यातलं. पिवळं आहे ते पहिलं मूल पोटात गेलं तेव्हाचं. लाथेने गेलं.

तुझ्या वडिलांना सोयरिकीच्या वेळी ही ट्रंक उघडून दाखवली, 'पहिलीला बघा कशी ठेवली होती' असं बजरंगराव म्हणाले, आणि त्यावर वडिलांनी होकार दिला, असं तू लिहिलंस. पोरी, त्या ट्रंकेत बजरंगचं गोल पातळ सोडून दुसरं काही नाही. बाकी सगळं माहेरचं. ती पळून आमच्याकडे यायची. मी म्हणायची, राहू दे. पण घर धाकटे दीर हौशीराम चालवायचे. ते म्हणायचे, "वैनी, पोरीनं नांदाया पायजे. चुकला आसंल मानूस. नवं लुगडं घिऊन धाडू, म्हंजी त्येलाबी बरं वाटंल." लुगडं यायचं, ओटी भरायची, आणि तिला परत पोचवायची. एकदा ती हसून त्यांना म्हणाली, "काका, ह्या टायमाला जरा गडद घ्या. डाग दिसत न्हाईत."

म्हणजे जेवढ्या वेळा ती सुटली आणि परत पाठवली गेली, तेवढी लुगडी.

तुला तो मारतो का? लाजू नकोस. एका ओळीत लिही.

तुझी,
विठाबाई


मु. भाजे
१६ जानेवारी १९३९

चि. नंदा,

तुझं पत्र मास्तरणींच्या गड्याने हातात आणून दिलं. अक्षर डाव्या हातातलं दिसतंय. उजवा वळत नाही, असं शेवटी लिहिलंस. ते आधी लिहायचं.

माझ्या सांगण्यावरून तू लुगडी बोहारणीला दिलीस आणि त्यावरून त्याने तराजूची लोखंडी दांडी घेतली. तो मार माझ्या सल्ल्याचा होता, हे मला कळतं. उरलेल्या लुगड्यांच्या ट्रंकेला कुलूप लावून त्याने ती वखारीत नेली, अंगावर धडपा तेवढा ठेवला आणि म्हणाला, "आता जा कुटं जायाचं त्ये." अर्ध्या लुगड्यात बाई उंबऱ्याबाहेर पडत नाही, हे त्याला माहीत आहे. मुक्तालाही त्याने असंच कोंडलं होतं. लुगडी दाखवायला ठेवायची आणि नेसायला द्यायची नाहीत.

मुक्ता कशी गेली ते तुला सगळे सांगतात, पोत्यांची थप्पी अंगावर कोसळली. मी आजवर कुणाला लिहिलेलं नाही, तुला लिहिते.

सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं आणलं, मळवट भरायची तयारी केली. अंघोळ घालायला मी आणि शेजारची बयाबाई होतो. नंदा, कोळशाच्या पोत्याखाली सापडलेल्या बाईच्या अंगावर कोळशाचा कण नव्हता. मी तांब्यावर तांबे ओतले. पाणी काळं झालं नाही. तांबडं झालं. डोक्यामागे माझी बोटं हाडाच्या आत गेली. पाठीवर दांडीचे वळ होते, एकमेकांवर रचलेले. बयाबाईने तोंडात पदर कोंबला. मी बाहेर येऊन सगळ्यांदेखत सांगितलं. हौशीराम म्हणाले, "वैनी, गप ऱ्हावा. गेलेली काय परत येनार हाय?" हिरवं लुगडं सगळं झाकून गेलं. नवं होतं, घट्ट विणीचं.

त्यानंतर मी वाटणी मागितली. नवऱ्याच्या हिश्श्याची आळीच्या टोकाची एक खोली मिळाली. तिला दार आहे, आणि दाराची कडी आता माझ्या हातात आहे. मुक्ता होती तेव्हा ती नव्हती.

म्हणून नीट ऐक. लुगड्याची वाट बघू नकोस. तुझ्या घरात कोळशाची रिकामी पोती आहेत. एका पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून खोळ कर आणि डोक्यावरून घे, दुसरं कमरेला सुतळीने बांध. तोंडाला, हातापायाला कोळसा फास. वखारीच्या बायका अशाच असतात, त्यांच्याकडे कुणी बघत नाही. दिवसाढवळ्या नीघ, तो पोती मोजत असेल तेव्हा. गाडीने येऊ नकोस, फलाटावर त्याची माणसं माल चढवतात. लोणावळ्यापासून रुळाच्या कडेने चालत ये. माळवलीचं स्टेशन लागलं की भाजे कुणीही दाखवेल.

काही बरोबर घेऊ नकोस. टाकसुद्धा तिथेच काढून ठेव. मुक्ताला तिथून न्यायचं असेल तर मी नेईन, तू तिचं ओझं घेऊ नकोस.

ये.

आई


मु. भाजे
३ फेब्रुवारी १९३९

रा. रा. अंबाजीभाऊ, मु. तळेगाव, यांस,

भाजे गावच्या विठाबाईचा रामराम. आपली ओळख नाही. तुमची नंदा ज्या घरात दिली, तिथे आधी माझी मुक्ता होती. घरची माणसं सुखरूप असतील असं धरते.

नंदा जिवंत आहे आणि माझ्याकडे आहे. हे आधी लिहिते, कारण बजरंग तुमच्याकडे येऊन दुसरं सांगेल.

गेल्या आठवड्यात ती पोतं पांघरून चालत आली. उजवा हात कोपरातून लोंबत होता. मी तिला अंघोळ घातली. पाणी काळंकुट्ट झालं आणि मला हुंदका आला, कशाने ते तुम्हाला सांगून कळणार नाही. खाली वळ निघाले. हात हाडवैद्याने बसवला, तेव्हा ती माझ्या खांद्याला चावली. तो व्रण मी कुणालाही दाखवीन.

परवा दुपारी बजरंग आला. बरोबर माझे दीर हौशीराम होते, आणि हौशीरामांच्या हातावर घडी होती.

"वैनी, कडी काढा. जावई आल्यात."

"कुनाचं?" मी आतून विचारलं.

"आसं काय करता? ह्ये बगा, डाळिंबी लुगडं आनलंय. पोरीची वटी भरू आन् लावू वाटंला. लोक बगत्यात."

"बगू द्या की. लुगडं तुमीच नेसा भावजी, आन् तुमीच नांदाया जावा."

बाहेर कुणीतरी हसलं. बजरंग मग पुढे आला. "म्हातारे, ती माजी बायकू हाय. तुजा काय संबंद?"

"माजी लेकबी तुजी बायकूच हुती."

त्याने लाथ घातली. दार जुनं, वरची फळी फुटली. त्या भोकातून त्याने हात आत घातला आणि कडी चाचपू लागला. कोयता भिंतीला होता. मी त्याला एकदा सांगितलं, हात काढ. तो म्हणाला, "मुक्तीवानी हिलाबी करतो का न्हाई बग." सगळ्या आळीने ते ऐकलं. मग मी कोयता मारला.

दोन बोटं आत पडली. तो गुरासारखा ओरडला. हौशीरामांनी नव्या लुगड्याची घडी मोडून त्याच्या हाताला गुंडाळली. रंग डाळिंबी, म्हणून थोडा वेळ काही दिसलं नाही, मग पदर खाली ठिबकू लागला. नंदा माझ्यामागे उभी होती. मला वाटलं आता ही बेशुद्ध पडते. ती म्हणाली, "आये, अजून येक हात हाय त्येचा." मी पुन्हा कोयता उचलला नाही. उचलावासा वाटला, हे खोटं सांगत नाही.

पोलीस पाटलांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, होय, मारला. त्याने वडगावच्या कचेरीत फिर्याद केली आहे. मला आत टाकतील बहुधा. त्याचं मला काही नाही. माझ्या पोटात होतं ते केव्हाच जळून गेलं, तुरुंगात आणखी काय जळणार. पण मी गेले की या फुटक्या दाराआड नंदा एकटी राहील. हौशीराम रोज तिला ऐकू जाईल असं म्हणतात, "बापाला बोलवा, बाप न्हेऊन पोचवंल." तिला तेवढीच एक भीती उरली आहे, भाऊ. बजरंगची नाही, तुमची.

तुमच्यावर माझा राग नाही. भरलेली ट्रंक बघून कुणीही फसलं असतं. तिच्यातली लुगडी आमच्या घरून गेली होती, दर खेपेला मार खाऊन आलेल्या पोरीला परत लोटताना. नंदाच्या अंगावर आज माझं दंड घातलेलं एक आहे, वळणीवर बयाबाईने दिलेलं एक. तिला पुरतं. परवापासून ती झोपेत दचकत नाही.

तेव्हा तुम्ही या. पंचांसमोर आणि वडगावला उभे राहा आणि मोठ्याने सांगा, माझी पोर मी परत पाठवत नाही. ते माझ्या तोंडून कामाचं नाही, बापाच्या तोंडून लागतं. तसं सांगणार नसाल तर येऊ नका. आलात तर हाक बाहेरून मारा. मी तुरुंगात असले तरी कोयता घरात आहे, आणि नंदाचा डावा हात चांगला आहे.

देव तुम्हाला पोर जिवंत आहे तोवर शहाणपण देवो. आमच्या घरात ते उशिरा आलं.

आपली,
विठाबाई
मुक्ताची आई